मागच्या ॲक्सलला ४.१० की ३.७३? आधी हायवेचा हिशोब मांडा

पत्र: माझ्याकडे १९७९ ची शेव्रोले मालिबू आहे. इंजिन ३५० क्युबिक इंची व्ही-८, थोडं सुधारलेलं. गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक, टीएच-३५०. मागे मूळचाच ७.५ इंची, १० बोल्टचा ॲक्सल, रेशो २.७३. टायर २३५/६० आर १५. सिग्नलवरून गाडी उठत नाही, आणि जोरात दाबली की एकच चाक गरगरतं. मित्र म्हणतो, फोर्डचा ९ इंची ॲक्सल टाक, ४.१० घाल, डिफरन्शियल लॉक करून टाक, आयुष्याची चिंता मिटली. आठवड्यातून तीन-चार दिवस गाडी वापरतो. महिन्यातून दोनदा घरच्यांना घेऊन हायवेने दोन-अडीचशे किलोमीटर जातो. वर्षातून दोन-तीनदा ड्रॅग स्ट्रिपवर. काय करू?
— ४.१० च्या मोहात

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ इंजिनाची नाही, ॲक्सलचीही नाही. 'घरच्यांना घेऊन हायवेने दोन-अडीचशे किलोमीटर' ही ती ओळ. मित्राचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो बरोबर आहे, फक्त दुसऱ्या कुठल्यातरी गाडीसाठी. ट्रेलरवर चढून स्ट्रिपवर जाणारी आणि ट्रेलरवर चढून घरी येणारी गाडी असेल तर त्याने सांगितलं तसंच करा.

रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा जॉइंट शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा, आणि तो सुटा नसतो. गिअरबॉक्स आणि टायर बाजूला ठेवून ३.७३ चांगला की ४.१० चांगला असं विचारणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल मागण्यासारखं आहे. तेव्हा आधी माप घेऊ. तुमच्या टायरचा व्यास असा निघतो: २३५ चे ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर, ही टायरच्या बाजूची उंची. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे २८२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा. एकूण ६६३ मिलिमीटर, म्हणजे ६६.३ सेंटिमीटर. आता ताशी किलोमीटरमधला वेग घ्या, त्याला ॲक्सलच्या रेशोने गुणा, ५३० ने गुणा आणि टायरच्या सेंटिमीटरमधल्या व्यासाने भागा. टॉप गिअर सरळ एकास एक असेल तर येणारा आकडा म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलच्या मार्फत जोडणारा कन्व्हर्टर थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात टॅकोमीटरचा काटा किंचित वरच दिसेल.

तुमच्या गाडीला हा हिशोब लावला तर ताशी १०० ला आज २.७३ वर साधारण २,१८० फेरे येतात. ३.०८ वर २,४६०. ३.४२ वर २,७४०. ३.७३ वर २,९८०. आणि मित्राच्या ४.१० वर ३,२८०. ताशी १२० ला गेलात तर ४.१० वर ३,९४० च्या आसपास. हे आकडे कागदावर फार भयंकर दिसत नाहीत. व्ही-८ ला तेवढे फेरे झेपतातही. झेपत नाहीत ते आत बसलेल्यांना.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीन गिअरच्या गाडीला ४.१० बसवण्याचा पराक्रम मी स्वतः केलाय. गावात गाडी अशी सुटायची की पहिला आठवडा मी नुसती चक्कर मारायला कारणं शोधत होतो. मग पहिल्यांदा हायवेला निघालो. अर्ध्या तासाने रेडिओ बंद केला, कारण ऐकूच येत नव्हता. तासाभराने मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "बाबा, गिअर बदला की आता." बदलायला गिअरच उरला नव्हता. सहा महिन्यांत तो क्राउन-पिनियन, म्हणजे रेशो ठरवणारी ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, काढून ठेवला. अजून डब्यात आहे.

तुमची खरी अडचण ॲक्सलमध्ये जेवढी आहे त्याहून जास्त गिअरबॉक्समध्ये आहे. टीएच-३५० चा पहिला गिअर २.५२, दुसरा १.५२, तिसरा १. पहिला गिअर गुणिले ॲक्सल हा आकडा रस्त्यावरच्या गाडीला १० च्या जवळपास असावा, असा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो. तुमचा येतो ६.९. म्हणून गाडी उठत नाही. तीन गिअर ठेवून हा आकडा १० वर न्यायचा तर ४.१० च लागतो, आणि मग हायवेला पोरं ओरडतात. या पेचातून सुटका ॲक्सल बदलून होत नाही. त्यासाठी चौथा गिअर लागतो.

टीएच-२००-४आर हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तुमच्याच कुटुंबातल्या नंतरच्या गाड्यांत बसून आलेला आहे. ब्यूकच्या ग्रँड नॅशनलमध्येही तोच होता. त्याचा पहिला गिअर २.७४ आणि शेवटचा ओव्हरड्राइव्ह ०.६७. लांबीला तो आखूड शेपटीच्या टीएच-३५० एवढाच आहे, त्यामुळे जॉइंट शाफ्ट सहसा कापावा लागत नाही. माउंटिंग मागे सरकतं एवढंच. आता गंमत बघा. मागे ३.७३ आणि पुढे हा गिअरबॉक्स असेल तर पहिला गिअर गुणिले ॲक्सल येतो १०.२. हायवेला ३.७३ गुणिले ०.६७ म्हणजे २.५०. ताशी १०० ला सुमारे २,००० फेरे, म्हणजे आजच्या तुमच्या २.७३ पेक्षाही शांत! सिग्नलवर जवळजवळ दीडपट उचल आणि हायवेवर आधीपेक्षा कमी आवाज, दोन्ही एकाच वेळी.

खरं सांगायचं तर या गिअरबॉक्सबरोबर ४.१० सुद्धा चालून जाईल. ताशी १०० ला २,२०० येतात, म्हणजे आज आहेत तेवढेच. तरी मी ३.७३ वरच थांबेन. ४.१० ला पहिला गिअर इतका तोकडा होतो की टायर धरण्याआधीच तो संपतो.

एक इशारा मात्र ठळक अक्षरात वाचा. या गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरपासून येणारी एक केबल असते, टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणतात तिला. किती ॲक्सिलरेटर दाबलाय हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि त्यावर आतला ऑइलचा दाब ठरतो. ती ढिली राहिली किंवा चुकीच्या कोनात बसली की आतले क्लच जळतात, आणि त्याला फार किलोमीटर लागत नाहीत. हे गिअरबॉक्स 'नाजूक' म्हणून बदनाम झाले त्यात या केबलचा मोठा वाटा आहे. ती बसवणाऱ्याला ती कशी लावायची हे येतं का, एवढं विचारून मगच गाडी ताब्यात द्या.

आता ॲक्सल. 'तुटेल का?' हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण ९ इंचीची गोष्ट त्यातूनच आलीय. लोक हॉर्सपॉवर मोजून ॲक्सल निवडतात. ॲक्सलला हॉर्सपॉवर दिसत नाही, त्याला दिसतो टॉर्क. आणि त्या टॉर्कची कमाल मर्यादा ठरवतो टायर. ढोबळ हिशोब करू. इंजिनाचा टॉर्क ४५० न्यूटन-मीटर धरा. आजच्या गिअरबॉक्सवर पहिल्या गिअरमध्ये, २.७३ ने सुद्धा चाकांपाशी ३,१०० च्या आसपास पोचतात. कन्व्हर्टर जे वाढवून देतो ते वेगळंच. आता टायर किती घेऊ शकतो ते बघा. गाडी उठताना मागच्या चाकांवर ९०० किलो भार येतो असं समजा, साध्या रस्त्याच्या टायरची पकड ०.९ धरा, चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. दोन्ही चाकं मिळून साधारण २,६०० न्यूटन-मीटर. त्यापुढे टायर घसरतो आणि ॲक्सलवरचा ताण तिथेच थांबतो. साधा टायर हा तुमच्या ॲक्सलचा फ्यूज आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, साध्या टायरवर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं तर रेशो बदलून फारसं काही मिळत नाही, टायर आजही हरतोच. रेशोचा फायदा कळतो अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आणि दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे रोजच्या चालवण्यात. दोन, ज्या दिवशी तुम्ही स्ट्रिपसाठी चिकट ड्रॅग टायर चढवाल त्या दिवशी तो फ्यूज काढून टाकाल. पकडही वाढते, मागे भारही जास्त येतो, आणि हाच हिशोब ४,००० च्या वर जातो. ७.५ इंची १० बोल्ट तिथे मरतो.

तेव्हा मला उलट कळवा की चिकट टायर घ्यायचा विचार आहे का. नसेल, तर तुमचाच ॲक्सल चांगला बांधून घेतला तरी या इंजिनाला पुरेल, विशेषतः ऑटोमॅटिक असल्यामुळे. क्लच एकदम सोडल्याचा जो हिसका मॅन्युअल गाडीत बसतो तो तुम्हाला नाही. पण त्यात एक खोच आहे. या ॲक्सलमध्ये ३.०८ आणि त्याखालच्या रेशोंना एक कॅरिअर (क्राउन ज्याला बोल्ट होतो तो डिफरन्शियलचा डबा) लागतो, ३.२३ आणि त्यावरच्यांना दुसरा. म्हणजे २.७३ वरून ३.७३ ला जाताना नुसता क्राउन-पिनियन आणून चालत नाही. कॅरिअर बदलणारच आहात तर त्याच वेळी लिमिटेड स्लिप घ्या, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारा डिफरन्शियल. एकच चाक गरगरण्याची तक्रार तिथे मिटते. मूळचे ॲक्सल शाफ्ट २६ आट्यांचे, म्हणजे टोकाला कॅरिअरमध्ये बसणाऱ्या २६ उभ्या खाचांचे, आहेत, २८ आट्यांचे शाफ्ट आणि त्यांना जुळणारा कॅरिअर एकत्रच घेतलेले बरे.

चिकट टायर येणार असतील, तर या ७.५ इंचीत एक पैसाही घालू नका. त्यातलं काहीच पुढच्या ॲक्सलला लागत नाही. मग पहिली पसंती ८.५ इंची १० बोल्टला. दिसायला भाऊ, कामाला वेगळा. '१० बोल्ट' हे नाव ऐकून कोणी नाक मुरडलं तर त्याला विचारा, किती इंची? हा ८.५ इंची ग्रँड नॅशनल आणि ओल्ड्समोबिल ४४२ मध्ये आला, त्यामुळे तुमच्या गाडीखाली तो थेट बोल्टवर बसतो. कठीण आहे तो मिळणं. त्याच्या खालोखाल फोर्डचा ८.८ इंची. मस्टँगमध्ये १९८६ पासून आला, त्यामुळे मुबलक. पण तुमच्या सस्पेन्शनला त्याचे ब्रॅकेट जुळवून वेल्ड करावे लागतील, चाकाच्या बोल्टची जागा आणि रुंदी तपासावी लागेल, आणि त्याच्या नळ्या मधल्या बीडाच्या घरात दाबून बसवलेल्या असतात, त्या जोरात फिरू नयेत म्हणून नीट वेल्ड करून घ्याव्या लागतील.

आणि ९ इंची? १९५७ मध्ये आलेला हा ॲक्सल आजही नवा बनतो, यावरून काय ते समजा. त्याचं मधलं अख्खं घर पुढून बोल्ट काढून बाहेर येतं, त्यामुळे रेशो बदलणं टेबलावर बसून करायचं काम होतं. पिनियनच्या टोकालाही एक बेअरिंग असतं, म्हणजे पिनियन दोन्ही बाजूंनी धरलेला राहतो. चाक आत धरायला सी-क्लिप नाही, हा तर मोठाच गुण. सी-क्लिपच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टासकट बाहेर निघू शकतं. तुमचा ७.५, तो ८.५ आणि फोर्डचा ८.८ हे तिन्ही सी-क्लिपवाले आहेत. पण ९ इंचीचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली लागतो, दात एकमेकांवर जास्त घासतात, जास्त गरम होतात आणि थोडी ताकद तिथेच खर्ची पडते. शिवाय तो जड. तुमच्या इंजिनाला त्याची गरज नाही. हौस असेल तर घ्या, हौसेला मी कोण अडवणार? 'गरज' मात्र म्हणू नका.

डिफरन्शियल लॉक करून टाकण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे: रस्त्यावरच्या गाडीत नको. काटकोनी वळण घेताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा साधारण २.३ मीटर जास्त चालतं, वळण मोठं असो की छोटं. हे अंतर फक्त दोन चाकांमधल्या रुंदीवर ठरतं. दोन्ही चाकं एकत्र जखडली की ते २.३ मीटर कुठून तरी भरून काढावे लागतात. एक टायर रस्त्यावर घासतो, किंवा शाफ्ट पिळला जातो. पार्किंगमध्ये गाडी वळताना टायर कुं-कुं करतात, आणि ओल्या रस्त्यावर वळणात मागचं टोक कधी सुटेल याचा नेम नाही.

क्लचप्लेटवाला लिमिटेड स्लिप स्वस्त, सौम्य, पण प्लेटी झिजतात आणि ऑइलमध्ये घर्षण बेताचं ठेवणारं खास ॲडिटिव्ह घालावं लागतं, नाहीतर वळताना मागून दातखिळी बसल्यासारखा आवाज येतो. डेट्रॉइट लॉकर मजबूत, पण वळणात खाड्कन सुटतो, पहिल्यांदा ऐकणारा घाबरून गाडी बाजूला घेतो. मला तुमच्यासाठी आवडतो तो हेलिकल गिअरवाला, ट्रूट्रॅकच्या जातीचा. झिजायला प्लेटी नाहीत, ॲडिटिव्ह नाही, घरच्यांना तो आहे हे कळतही नाही. एक चाक पूर्ण हवेत लटकलं तर तो ढिला पडतो, पण तुम्ही डोंगर चढायला निघालेला नाही.

हे सगळं उघडण्याआधी सस्पेन्शनचे बुश बघा. तुमच्या गाडीला मागे चार आर्म आहेत आणि त्यांचे रबर इतक्या वर्षांनी भाकरीच्या कडेसारखे झालेले असतील. बुश गेले की जोरात उठताना मागचं चाक टप्पे खातं. जमीन धरतं, सोडतं, पुन्हा धरतं, आणि प्रत्येक वेळी धरताना ॲक्सलला घण बसतो. बरेच 'कमकुवत' ॲक्सल असे टप्प्यांनी तुटलेले असतात.

बसवणाऱ्याच्या हातावर निम्मं अवलंबून आहे. ३.७३ च्या जोडीत क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११ असतात. (४.१० ला ४१ आणि १०, तुमच्या २.७३ ला ४१ आणि १५. पिनियनचे दात कमी होत जातात तसा तो बारीक आणि जरा अशक्त होत जातो, हेही ४.१० विरुद्ध एक मत.) ४१ ला ११ ने भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि सगळे सारखे घासून बसतात. ही जोडी कारखान्यातून जुळवून येते. एकीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन असा संसार मांडू नका. दातांमधला प्ले ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान हवा, डायल गेज लावून मोजलेला. बोटांनी हलवून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो हे तो तुम्हाला दाखवेल, तर माणूस कामाचा. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते, ती एकदा दबली की तिचं आयुष्य संपलं. मी एकदा जुनीच वापरली होती, नवी यायला चार दिवस लागणार होते म्हणून. त्या चार दिवसांपायी पुढे दोन बेअरिंगं आणि एक सील गेलं.

नवी जोडी बसल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा आणि थांबून पूर्ण गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर जोरात उठवू नका, ओढायला काही लावू नका, आणि मग ऑइल बदला. जुनं ऑइल उन्हात धरलंत तर त्यात चांदीसारखी बारीक चमक दिसेल. ती घाबरायची गोष्ट नाही. कण बोटाला टोचले तर मात्र फोन करा, मेकॅनिकला, मला नव्हे.

आणि काही विकत घेण्याआधी रविवारी सकाळी एवढं करा. पुढच्या चाकांना आडवे ठोकळे लावा, मागचं एक चाक जॅकवर आणि स्टँडवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रलला. जॉइंट शाफ्टवर आणि उचललेल्या टायरवर खडूने एकेक खूण करा. टायर बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरतो ते मोजा. पावणेतीनच्या जरा आत फिरला तर २.७३ खरा. इतक्या जुन्या गाडीत मधल्या कोणीतरी ॲक्सल बदललेला असण्याची शक्यता मी नेहमी धरून चालतो. आकडा वेगळा आला तर वरचा अर्धा हिशोब नव्याने मांडावा लागेल.

स्पीडोमीटर विसरू नका. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला लागते, त्यामुळे त्याला ॲक्सल बदलल्याचं कळत नाही. २.७३ चे दाते तसेच ठेवून ३.७३ बसवलात तर गाडी ताशी १०० ला असताना काटा १३७ दाखवेल. गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा प्लास्टिकचा गिअर बदलला की काम होतं. नवा गिअरबॉक्स घेतानाच टायरचा व्यास आणि रेशो सांगून तो मागून घ्या.